गर्भातल्या रक्ताची शिदोरी

सिकलसेल असलेलं मूल जन्मतः धडधाकट दिसतं. पहिले काही महिने निवांत जातात. मग एक दिवस हातापायांची बोटं सुजतात आणि लेकरू कळवळू लागतं. ते सुरुवातीचे महिने सुखाचे का, याचं कारण ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी 1948 मध्ये सुचवलं. बाळाच्या अंगात गर्भातलं हिमोग्लोबिन शिल्लक असतं. सदोष हिमोग्लोबिनच्या कणांची साखळी ते जुळू देत नाही, म्हणून तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. ही शिदोरी संपली की दुखणं सुरू होतं.

मग ती मोठेपणी पुन्हा भरता आली तर? कर्करोगावरचं हायड्रॉक्सीयुरिया हे काम करतं, असं दिसलं होतं. पण दिसणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. अमेरिका-कॅनडातल्या 299 प्रौढ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला औषध, दुसऱ्याला हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली कॅप्सूल. कुणाला काय मिळतंय, हे रुग्णांना ठाऊक नव्हतं आणि त्यांच्या डॉक्टरांनाही. औषधाविना वर्षाला साधारण साडेचार वेळा वेदनांचा झटका येई. औषधाने तो अडीचवर आला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. निष्कर्ष 1995 मध्ये प्रसिद्ध झाले.

चाचण्या औषधाला बादही करतात. हिमोग्लोबिन वाढवणारं व्हॉक्सेलोटर 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पुढच्या अभ्यासांत ते घेणाऱ्यांमध्ये झटके आणि मृत्यू जास्त आढळल्याने 2024 मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. नुसता रक्ताचा आकडा सुधारणं पुरेसं नसतं, हे त्यातून कळलं.

2023 मध्ये मंजूर झालेला जनुक-संपादनाचा उपचारही वॉटसन यांच्याच वाटेने जातो: गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणारी कळ तो निकामी करतो. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर. गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यावर तो केव्हा पोहोचणार? तिथे आज कामाची आहे ती हायड्रॉक्सीयुरियाची साधी कॅप्सूल. नागपुरात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी वजनाच्या किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम एवढा कमी डोस 60 मुलांच्या चाचणीत तपासला. त्यातही औषध घेणाऱ्या मुलांचे झटके घटले.

घरात कुणाचा रिपोर्ट ‘एसएस’, म्हणजे सिकलसेलचा आजार असल्याचा, आला असेल, तर हायड्रॉक्सीयुरियाबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. सुरू केलं तर रोज घ्या, ठरल्या दिवशी रक्त तपासा आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका.