दुरुस्त होते म्हणून टिकते : एमजीबी नावाच्या गाडीची गोष्ट

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन या टुमदार गावातून ऑक्टोबर १९८०मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली आणि त्याच महिन्यात कारखान्याला कुलूप लागलं. अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या होत्या. आता चार दशकं उलटून गेली, बनवणारी कंपनीही उरली नाही. तरी या गाडीचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आजही नवा मिळतो. इंजिनाची गॅस्केटं मिळतात, दाराच्या कड्या मिळतात, एवढंच काय, पत्र्याचा आख्खा सांगाडाही मिळतो. जुन्या गाड्यांच्या दुनियेत असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. ते एमजीबीला का लाभलं आणि अशी गाडी पाळायची म्हणजे वर्षभर काय काय करावं लागतं, ते पाहू.

बेताच्या पगारातली स्पोर्ट्‌स कार

एमजी हे नाव ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’वरून आलं. तिथला व्यवस्थापक सेसिल किम्बर याने १९२०च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या बॉडी चढवायला सुरुवात केली, आणि साध्या गाडीचं साहित्य वापरून मजेची गाडी घडवायची ही रीत एमजीने शेवटपर्यंत सोडली नाही. १९६२मध्ये आलेली एमजीबी त्याच रीतीतली. मुख्य अभियंता सिड एनेव्हर आणि बॉडीचा आराखडा आखणारा डॉन हेटर यांनी ती घडवली, पण आतलं इंजिन घेतलं ते मूळ कंपनी बीएमसीच्या घरगुती गाड्यांमधलं ‘बी-सिरीज’. १७९८ सीसी, चार सिलिंडर आणि सुरुवातीला ९५ अश्वशक्ती. गाडीची लांबी जेमतेम ३.९ मीटर, वजन साधारण ९२० किलो. ताशी शंभर मैलांचा, म्हणजे १६० किलोमीटरचा वेग ती ओलांडत असे. शाळामास्तर, बँकेतले कारकून, नुकतेच नोकरीला लागलेले तरुण यांना परवडेल अशी ती दोन आसनांची उघडी गाडी होती. १९६५मध्ये तिला छप्पर मिळालं, त्याची रेषा इटलीच्या पिनिनफारिनाची. ती ‘जीटी’.

निम्म्याहून अधिक गाड्या अमेरिकेला गेल्या. तिथल्या सुरक्षिततेच्या नियमांमुळे १९७४च्या अखेरीस चकचकीत क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची सुमारे दीड इंचाने वाढवावी लागली. वळणावर ती पूर्वीपेक्षा जास्त कलू लागली. म्हणून आजही क्रोम बंपरवाल्या गाडीला भाव जास्त. मात्र रबरी बंपरवाली स्वस्तात मिळते आणि तिचं कलणं पुढे सुधारून घेता येतं. पहिल्यांदाच जुनी गाडी घेणाऱ्याला माझा कौल तिलाच.

इंजिन नंतर, आधी पत्रा

एमजीबी बघायला गेलेला नवखा माणूस आधी बोनेट उघडतो. जाणकार मात्र गुडघे टेकून दाराखालच्या पट्टीकडे बघतो. कारण या गाडीला वेगळी चासी नाही. आधीच्या एमजीए गाडीला चासी होती. एमजीबीत बॉडी हाच सांगाडा. त्यातून उघड्या गाडीला छपराचा आधारही नाही. त्यामुळे पुढची चाकं आणि मागची चाकं यांच्यामधला सगळा भार पेलतात ते दाराखालचे दोन पोकळ पत्र्याचे तुळईवजा भाग, ज्यांना सिल म्हणतात. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि दोघांमध्ये उभा तिसरा पत्रा अशी त्यांची रचना असते. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते खारं पाणी या पोकळीत शिरतं आणि पत्रा आतून सडत जातो. बाहेरचा रंग मात्र तजेलदार दिसत राहतो.

तपासायची रीत साधी आहे. दार बंद करून त्याच्या मागच्या फटीकडे नजर ठेवायची आणि गाडी जॅकवर चढवायची. फट अरुंद व्हायला लागली किंवा दार अडकू लागलं, तर सिल गेले असं समजावं. लोहचुंबक फिरवला की कुठे पत्रा आहे आणि कुठे नुसती पुट्टी भरली आहे तेही कळतं. सडलेल्या सिलवर दुसरा पत्रा चिकटवून रंग मारलेल्या गाड्या बाजारात पुष्कळ सापडतात. त्या घेऊ नयेत.

सिल बदलणं हे या गाडीचं सगळ्यात जोखमीचं काम. जुना पत्रा कापण्याआधी बॉडीला खालून योग्य ठिकाणी आधार द्यावा लागतो आणि दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी बसवून ती जखडून टाकावी लागते. एवढं न करता कटर चालवला तर गाडी मधून दबते आणि मग दार जन्मात नीट लागत नाही. वेल्डिंग झाल्यावर पोकळीत पातळ मेण फवारून ठेवायचं आणि पाणी निघून जायची भोकं दरवर्षी तारेने मोकळी करायची. इंजिन पुन्हा बांधण्याच्या खर्चापेक्षा पत्र्याचा खर्च नेहमी मोठा असतो. म्हणूनच कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या हवेतल्या गाड्या परत इंग्लंडमध्ये आणून त्यांचं स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे बसवून घेणारे पुष्कळ आहेत.

नवाची बेरीज

पत्रा धड असेल तर बाकीची गाडी तुमच्या हाताला येते. टॅपेट सेटिंगचंच, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्यांना दाबणारे रॉकर यांच्यातली फट जुळवण्याचंच बघा. इंजिन थंड असताना रॉकर कव्हरचे दोन नट काढले की आठही व्हॉल्व्ह ओळीने समोर दिसतात. प्लग काढून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि हाताने हळूहळू पुढे ढकलायची, म्हणजे इंजिन फिरतं. आठव्या नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिल्याची फट तपासायची; सहावा दाबला की तिसऱ्याची; चौथा दाबला की पाचव्याची. दोन्ही आकड्यांची बेरीज दर वेळी नऊ. फट १५ थाऊ, म्हणजे इंचाचा पंधरा हजारावा नव्हे, हजार भागांतले पंधरा भाग. फीलर गेजची पट्टी त्या फटीतून किंचित घासत सरकली पाहिजे. पान्याने नट सैल करायचा, स्क्रू-ड्रायव्हरने स्क्रू फिरवायचा, नट आवळायचा आणि फट पुन्हा मोजायची, कारण आवळताना ती हमखास बदलते. तासाभराचं काम, महागडं एकही हत्यार लागत नाही.

ही फट मोजत राहण्यामागे आणखी एक कारण आहे. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिसं असे आणि त्याचा पातळ थर व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या बैठकीला झीज होऊ देत नसे. ब्रिटनमध्ये आणि भारतातही २००० साली शिसंमिश्रित पेट्रोल बंद झालं. जुन्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक झिजली की व्हॉल्व्ह आत रुतत जातो आणि फट कमी कमी होते. दर तपासणीत एखादी फट घटलेली सापडली तर हेड उतरवून कडक पोलादाच्या बैठका बसवून घ्याव्यात. ते काम एकदा केलं की काळजी मिटली.

कान आणि बोटं

इंजिनाच्या डाव्या अंगाला दोन एसयू कार्ब्युरेटर बसवलेले असतात. त्यांची युक्ती फार सुंदर आहे. आत एक जड पिस्टन वरखाली होतो आणि त्याला खाली निमुळती होत जाणारी सुई जोडलेली असते. इंजिनाने जास्त हवा ओढली की पिस्टन उचलला जातो, सुई पेट्रोलच्या नळीतून वर येते आणि हवेच्या प्रमाणात पेट्रोल सुटतं. पिस्टनची चाल धीमी राहावी म्हणून वरच्या नळीत थोडं तेल असतं. ते आटलं की पिकअप देताना गाडी अडखळते. पुष्कळदा लोक त्यासाठी अख्खा कार्ब्युरेटर उघडतात. खरं तर वरची टोपी काढून चमचाभर तेल घातलं की भागतं.

दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात का हे रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून कळतं. दोन्हीकडचा फुस्स आवाज एकसारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. मग मिश्रण. प्रत्येक कार्ब्युरेटरखाली पिस्टन किंचित उचलायची एक छोटी पिन असते. ती दाबल्यावर इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन लगेच मरायला लागलं तर पेट्रोल कमी. क्षणभर जरा वाढून पुन्हा पूर्ववत झालं तर जमलं. खालचा षट्‌कोनी नट एका वेळी एकाच बाजूएवढा फिरवायचा. खाली नेला की पेट्रोल वाढतं, वर नेला की घटतं. हे शिकलेला माणूस कुठल्याही संगणकाशिवाय इंजिनाशी बोलू शकतो. मला या गाडीचं सर्वांत मोठं आकर्षण वाटतं ते इथे.

सध्याची नवी चिंता इथेनॉलची. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, भारतात वीस टक्के. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं आणि पाणी शोषून टाकी गंजवतं. म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्यात आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

वायरिंगची भीती नको

ल्युकास कंपनीच्या विजेच्या सामानाला पुष्कळ नावं ठेवली जातात, पण बहुतेक बिघाडांचं मूळ असतं गंजलेल्या अर्थिंगमध्ये आणि सैल जोडांमध्ये. उलट वायरिंग समजायला सोपं आहे, कारण रंग ठरलेले आहेत. तपकिरी वायर थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून आलेली, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. बिघाड शोधणारा रंग धरून चालत गेला की ठिकाणावर पोहोचतो. एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही : १९६७च्या आधीच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. सवयीने उलटं जोडलं तर नुकसान होतं. त्या काळात आसनांमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. १९७४नंतर बारा व्होल्टची एकच आली.

चावी फिरवली की मागून टक-टक असा पेट्रोल पंपाचा आवाज येतो. तो मंदावून थांबला म्हणजे कार्ब्युरेटर भरले. आवाजच आला नाही तर पंपाचे पॉइंट साफ करायची वेळ झाली.

उरलेली कामं नेमाची आहेत. इंजिनात २०डब्ल्यू-५० दर्जाचं तेल, जे बहुतेक मालक दर ३,००० मैलांनी किंवा वर्षातून एकदा बदलतात. पुढच्या चाकांच्या किंगपिनना ग्रीस, तेही चाक जॅकवर उचलून, म्हणजे ते आत नीट शिरतं. स्पोकची चाकं असतील तर ती काढून आतल्या दात्यांना ग्रीस लावायचं आणि सळया एकेक वाजवून बघायच्या. सैल सळईचा आवाज बद्द येतो.

साचे जपले म्हणून

एवढं सगळं घरी करता येतं, पण सुटे भागच मिळाले नसते तर कौशल्याचा उपयोग काय? इथे ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेचं काम मोलाचं ठरलं. तिने बॉडीचे पत्रे दाबायचे मूळ साचे शोधून एकत्र केले आणि १९८८मध्ये ऑक्सफर्डशायरमध्ये एमजीबीचे नवे सांगाडे बनवायला घेतले. जुन्या गाडीचं इंजिन, गिअर, चाकं उचलून नव्या सांगाड्यात बसवायची सोय झाली. त्याच सांगाड्याच्या आधारावर रोव्हर कंपनीने १९९२ ते १९९५ या काळात आरव्ही८ ही गाडी काढली, आणि जेमतेम दोन हजारांपैकी बहुतेक जपानला विकल्या. सोबतीला १९३०मध्ये सुरू झालेला एमजी कार क्लब आणि १९७३चा एमजी ओनर्स क्लब होतेच. मालकांनी एकमेकांना शिकवलं, मागणी टिकली आणि मागणी टिकली म्हणून भाग बनत राहिले. कायद्यानेही साथ दिली. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या गाडीला रस्ताकर नाही आणि २०१८पासून वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. गाडी रस्त्यावर आणण्यालायक ठेवायची जबाबदारी मात्र मालकाचीच.

आपल्याकडे

एमजीबीच्या इंजिनाचं घराणं भारतात अनेक वर्षं धावत होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेल्या ॲम्बॅसॅडरमध्ये १९५९पासून हेच बी-सिरीज इंजिन आलं, फक्त १४८९ सीसीचं. दोन्हींचे सगळे भाग एकमेकांना लागत नाहीत, पण रचना एकच. ज्या मिस्त्रीने ॲम्बॅसॅडरचे टॅपेट सेट केले आहेत, त्याला एमजीबीचं रॉकर कव्हर उघडल्यावर काही नवं शिकावं लागणार नाही.

२०२१पासून आपल्या केंद्र सरकारने पन्नास वर्षांपुढच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, पहिल्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती किंवा इंधन भरण्यासाठीच रस्त्यावर आणता येते. गाडी वाचवायला हा नियम उपयोगी आहे, पण तेवढा पुरेसा नाही.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी सेवेतून निघाली तेव्हा शहर हळहळलं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ती गाडीही रस्त्याच्या कडेला दुरुस्त होण्यासारखीच होती. तिचे नमुने संग्रहात ठेवले जातील, फोटो छापले जातील. पण गाडी चालती राहते ती साचे, नकाशे आणि मिस्त्रीच्या हातातली जाण या तिन्हींवर. एमजीबीच्या बाबतीत ही तिन्ही कोणीतरी वेळेवर उचलून सांभाळली. आपल्याकडे पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडरवर आयुष्य काढलेले मिस्त्री अजून आहेत. त्यांच्या हाताखाली तरुण मुलांना बसवणं, त्यांची माहिती लिहून काढणं आणि जिथे सापडतील तिथले जुने साचे भंगारात जाण्याआधी विकत घेणं, ही कामं आत्ताच करण्यासारखी आहेत. गाडीवर प्रेम असणाऱ्यांनी रॅलीच्या आधी या कामांना हात घालावा.