गाठ कुठली, हे आधी ठरू द्या
लेखमाला : रक्ताचे आजार, लेखांक 4

पायाला काटा रुतला, जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, हे दिंडोरी तालुक्यात कुणाला शिकवावं लागत नाही. ती गाठ ठणकते आणि जखम बरी झाली की बसते. आजचा विषय आहे न दुखणारी गाठ. मानेत, काखेत किंवा जांघेत येते, हाताला रबरासारखी लागते. दुखत नाही म्हणून द्राक्षाचा हंगाम उरकेपर्यंत अंगावर काढली जाते.

लिंफोमा हा लिंफ ग्रंथींमधल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. लंडनच्या टॉमस हॉजकिन यांनी 1832 मध्ये अशा काही रुग्णांची नोंद केली. त्यांच्या नावाने एक प्रकार ओळखला जातो आणि उरलेले सगळे नॉन-हॉजकिन म्हणून एका खात्यावर टाकले जातात. त्या खात्यात डझनावारी आजार आहेत. काही इतके संथ की वर्षानुवर्षं नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं, काहींना आठवडाभराचाही धीर नसतो. त्यामुळे नुसतं ‘लिंफोमा’ कळून भागत नाही; कुठला, हे ठरल्यावरच औषध ठरतं.

आपल्याकडे वेळ जातो तो इथेच. मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, उतरत चाललेलं वजन : हीच लक्षणं गाठीच्या टीबीची. टीबी आपल्याकडे इतका आहे की डॉक्टरांच्या मनात आधी तोच येतो, त्यात वावगं काही नाही. पण पुढे पुष्कळदा असं होतं की गाठीत सुई घालून थोड्या पेशी काढल्या जातात, अहवालात ठोस काही येत नाही, आणि अंदाजाने सहा महिन्यांचा टीबीचा कोर्स सुरू होतो. दोन महिने गोळ्या घेऊनही गाठ वाढतेच आहे, हे घरच्यांच्या लक्षात येतं तेव्हा ‘कोर्स पुरा करा’ असंच उत्तर मिळतं.

सुईत सुट्या पेशी येतात, ग्रंथीची आतली रचना येत नाही, आणि लिंफोमाचा प्रकार ओळखायला ती रचनाच लागते. म्हणून जमेल तिथे अख्खी गाठ काढून तपासायची; ते शक्य नसेल तर जाड सुईने तुकडा घ्यायचा. मग त्याच्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणजे पेशींच्या खुणा ओळखण्याची तपासणी होते. त्याच गाठीचा थोडा भाग टीबीच्या जनुकीय चाचणीसाठीही देता येतो, म्हणजे दोन्ही शंका एकदम मिटतात. आणखी एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुकडा काढण्याआधी ‘ताकदीचं’ म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. स्टेरॉइडने लिंफोमाची गाठ चटकन उतरते, रुग्ण खूश होतो, आणि नंतर काढलेल्या तुकड्यात आजार नीट दिसतच नाही. काही आठवड्यांत गाठ परत येते.

निदान झालं की तालुक्यात पहिला प्रश्न हमखास येतो : फवारणीमुळे झालं का? ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी आणि भुरीसाठी बागेत किती फवारण्या होतात, हे मोहाडी-खेडगावच्या बागायतदाराला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये लिंडेन या कीटकनाशकाचा नॉन-हॉजकिन लिंफोमाशी पक्का संबंध मान्य केला. ग्लायफोसेट हे तणनाशक आणि मॅलॅथिऑन यांना मात्र ‘बहुधा कर्करोगजनक’ या खालच्या वर्गात टाकलं, कारण माणसांमधला पुरावा तेवढा भक्कम नव्हता. लिंडेनवर भारतात बंदी आली आहे. तरीही एखाद्या माणसाचा लिंफोमा कशाने झाला, हे सांगणारी कुठलीच तपासणी नाही. मास्क-हातमोजे घालावेत हे खरंच, पण ‘तुम्हीच ऐकलं नाही’ असं आजारी माणसाला ऐकवण्याइतका पुरावा कुणाकडेही नसतो.

केमोथेरपीचा जन्मच लिंफोमापासून झाला. 1942 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लिंफोमाच्या एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड दिलं गेलं. युद्धातल्या मस्टर्ड वायूचं हे भावंड. गाठी विरघळल्या, पण आजार उलटला. आज नॉन-हॉजकिनमधल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या, वेगाने वाढणाऱ्या प्रकाराला आर-चॉप नावाची पाच औषधं दर 21 दिवसांनी, साधारण सहा वेळा देतात. त्यातलं रिटुक्सिमॅब हे 1997 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं अँटिबॉडी औषध. ते देण्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण झोपलेला विषाणू त्याने जागा होतो. पहिल्या वेळी थंडी वाजून येते, म्हणून सलाईन तासन्‌तास संथ चालवतात. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचं असतं आणि लघवीही लाल होते. आधी सांगितलं नसेल तर घरात रडारड होते. हे औषध हृदयावर ताण आणतं, म्हणून आधी टू-डी इको. या उपचाराने दहांतले सहाएक जण कायमचे बरे होतात. हॉजकिनमध्ये निकाल आणखी चांगला आहे.

केस गेले की सगळ्यांना दिसतं. न दिसणारा धोका दुसऱ्या आठवड्यात असतो. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि साधा जंतूही रक्तात पसरतो. या दिवसांत ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला की ती तातडी समजायची. पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट पाहायची नाही. तापाचा आकडा तेवढा खाली येतो, जंतू तिथेच असतो. दिंडोरी गावातून नाशिक 25 किलोमीटरच्या आसपास, पण ननाशीकडच्या पाड्यावरून रात्री निघायचं तर गाडी कुणाची, हे केमोच्या आधीच ठरलेलं बरं. घरात थर्मामीटर हवा. भेटायला येणाऱ्यांची रीघ, आरतीची गर्दी, चैत्रात वणीच्या गडावर निघालेले पदयात्री, हे सगळं त्या दिवसांपुरतं लांब ठेवायचं. पाहुण्यांना नाही म्हणणं आपल्याकडे केमोपेक्षा अवघड, म्हणून ते काम घरातल्या एखाद्या खमक्या माणसावर सोपवावं.

आजार उलटला तर? तेव्हा ‘टाटा’ची फाईल निघते : नाशिकरोडहून पहाटेची गाडी, दादरला उतरून परळ. पुन्हा केमो देऊन आजार आटोक्यात आला तर रुग्णाच्याच रक्तातल्या मूळ पेशी काढून गोठवतात, मग अस्थिमज्जा पार रिकामी होईल इतकी जबर केमो देतात आणि त्या पेशी परत सोडतात. याला बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतात, पण चिरफाड कसलीच नसते. पिशवी रक्तासारखी चढवतात. गोठवण्याच्या रसायनामुळे खोलीभर लसणासारखा वास येतो. पुढचे दोनएक आठवडे तोंड सोलून निघतं, घोट गिळवत नाही. तिथेही नाही जमलं, तर बी-पेशींच्या काही लिंफोमांसाठी आता कार-टी आहे : रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना कॅन्सरच्या पेशी ओळखायला शिकवून परत सोडायच्या. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियलच्या साथीने ही उपचारपद्धती भारतातच तयार केली. ऑक्टोबर 2023 मध्ये तिला मान्यता मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. परदेशापेक्षा कितीतरी स्वस्त असली तरी बिल काही लाखांत जातंच.

शेवटचा पेट स्कॅन ‘क्लीन’ आला की घरात पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी माणूस बागेत दिसावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते. थकवा मात्र महिनोन्‌महिने राहतो. झोप काढूनही जात नाही. त्याला आळस म्हणू नका. रोज थोडं थोडं वाढवत चालणं हाच त्यावरचा त्यातल्या त्यात चांगला उपाय. आर-चॉपमधल्या विनक्रिस्टिनने बोटांची टोकं बधिर होतात. शर्टाची बटणं लागत नाहीत, मग घडातले मणी कात्रीने विरळायचं काम कुठलं जमायला? बहुतेकांची बोटं हळूहळू सुधारतात, पण एखादा हंगाम विरळणीला मजूर लावावा लागतो. ट्रान्सप्लांट झालेल्यांना लहानपणच्या लसी नव्याने टोचून घ्याव्या लागतात, त्याचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि पहिली दोन वर्षं तपासणीची तारीख चुकवू नका, कारण वेगाने वाढणारा लिंफोमा उलटायचा तर बहुधा याच काळात उलटतो.

पुढच्या आठवड्यात खर्चाचा हिशेब : जन आरोग्य योजनेचे कागद, रेल्वेची सवलत आणि मुंबईत मुक्कामाची सोय.