तांबी, गोळी आणि विडीचे सूप

संततिनियमनाचा मराठी इतिहास बहुधा मुंबईपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. मेरी स्टोप्स यांचा लंडनमधला दवाखानाही त्याच वर्षीचा. या कामापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. पुढे १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले. या इतिहासात सोलापूरचे नाव सहसा येत नाही. वास्तविक १९२९ च्या सुमारास या गिरणगावात 'शोलापूर युजेनिक्स एज्युकेशन सोसायटी' स्थापन झाली होती. तिच्या नावातच तिची मर्यादा दिसते. सुप्रजननवाद्यांना चिंता असे ती कोणाची प्रजा वाढावी आणि कोणाची वाढू नये याची. बाईला काय हवे, हा प्रश्न त्यात मागे पडे. डॉ. आंबेडकरांच्या वतीने नोव्हेंबर १९३८ मध्ये पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तेव्हा बाळंतपणात बाईच्या शरीराचे काय होते, हे ठळकपणे पुढे आले. ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला.

आज सोलापुरातल्या हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. पाने-तंबाखू कारखान्यातून आणायची, सूप मांडीवर घ्यायचे, विड्या नेऊन द्यायच्या. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. मांडी घालून तासन्‌तास बसता आले नाही तर त्या दिवसाचे पैसे बुडाले. अशा बाईला साधन सुचवताना तिच्या कामाचा विचार आधी करावा लागतो. महाराष्ट्रातल्या सुमारे निम्म्या विवाहित स्त्रियांनी नसबंदी केलेली आहे. पण बायका जिला नुसते 'ऑपरेशन' म्हणतात ती नसबंदी म्हणजे पाळणा थांबवणे. पाळणा लांबवायचा असेल तर वाटा वेगळ्या आहेत.

कॉपर-टीला आपल्याकडे 'तांबी' म्हणतात, हा मराठीतला एक नेमका शब्द. तांब्यामुळे शुक्रजंतूंची हालचाल मंदावते आणि फलन होत नाही. ३८० ए जातीची तांबी १० वर्षे चालते, ३७५ जातीची ५ वर्षे. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत बसवून घेता येते. ती वेळ हुकली तर सहा आठवड्यांनी. पहिले तीन-चार महिने पाळी जास्त जाते, पोटात दुखते. ज्या बाईचे हिमोग्लोबिन आधीच कमी आहे, तिने हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तांबी 'वर चढून काळजापर्यंत जाते' ही भीती मात्र निराधार आहे. दोरा हाताला लागत नसेल, ताप किंवा दुर्गंधी येणारा स्राव असेल, तर लगेच तपासून घ्यावे. काढून टाकली की दिवस राहण्याची क्षमता लगेच परत येते.

'अंतरा' हे इंजेक्शन २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते. दर तीन महिन्यांनी घ्यायचे. घरात कोणाला कळू द्यायचे नसेल तर याची सोय मोठी, आणि अशा बायका थोड्या नाहीत. पाळी अनियमित होते, कधी बंदच होते. रक्त 'आत साठत' नाही. बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात. वर्षभरात मूल हवे असेल तर हे घेऊ नये.

'छाया' ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली. तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. बाजाराचा वार धरला तर विसरत नाही. विसरलीच तर आठवताच घ्यावी आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोधही वापरावा. सात दिवसांहून जास्त उशीर झाला तर पुन्हा दोनदापासून सुरुवात. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. रोजची 'माला-एन' मात्र बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत पाजत्या आईने घेऊ नये. रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी, तसेच पस्तिशी ओलांडलेल्या आणि धूम्रपान करणाऱ्या बायकांनीही नको. (विडी वळणे वेगळे आणि ओढणे वेगळे, इथे अडचण ओढण्याची आहे.) तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, दर महिन्याचा उपाय म्हणून ती धरू नये. आणि लैंगिक आजारांपासून संरक्षण देणारे साधन यात एकच, निरोध.

पुरुष नसबंदी करून घेणारे महाराष्ट्रात शंभरात एकही भरत नाही. शस्त्रक्रिया बाईच्या नसबंदीपेक्षा सोपी; बिनटाक्याची असली तर काही मिनिटांची. पोट उघडावे लागत नाही, पौरुष कमी होत नाही. एवढेच, की ती लगेच लागू पडत नाही. तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते, आणि वीर्य तपासून शुक्रजंतू नाहीत असा अहवाल मिळाल्यावरच ते सोडता येते.