अभियंता कन्यांचे मनःस्वास्थ्य : सत्कारानंतरची जबाबदारी

बारावीचे निकाल लागले की अनेक धर्मग्रामांत गुणवंतांचा सत्कार होतो. मिस्सेनंतर नावे पुकारली जातात, टाळ्या होतात आणि आईवडिलांच्या चेहऱ्यावर समाधान दिसते. अभियांत्रिकीला प्रवेश मिळवणाऱ्या मुलींची नावेही आता त्या यादीत असतात, ही आनंदाची बाब होय. मात्र सत्कारानंतरची चार वर्षे आणि त्यापुढील नोकरीचा काळ ही मुलगी कसा काढते, याची विचारपूस क्वचितच होते. त्या काळात तिच्या मनावर येणारा ताण कशातून निर्माण होतो आणि त्यावर कोणता आधार उपलब्ध आहे, हे प्रत्येक पालकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिल्या तिघींची गोष्ट

भारतातील पहिल्या महिला अभियंत्यांपैकी एक म्हणजे ए. ललिता. अठराव्या वर्षी वैधव्य आलेल्या आणि कडेवर तान्ही मुलगी असलेल्या या तरुणीला मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. तिचे वडील तेथेच प्राध्यापक होते. सहाध्यायी सहकार्य करीत. तरी शेकडो मुलांत ती एकटीच मुलगी होती आणि वसतिगृहात तिला एकाकी वाटे. तेव्हा मुलींना प्रवेश खुला असल्याचे महाविद्यालयाने जाहीर करावे यासाठी वडिलांनी प्रयत्न केले, असे तिच्या जीवनाच्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. त्यानंतर पी. के. त्रेसिया आणि लीलाम्मा जॉर्ज या केरळच्या दोघी तिच्या सोबतीला आल्या. पुढे १९७१ साली त्रेसिया केरळ सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

या प्रसंगातील वडिलांची दृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे. मुलगी एकाकी झाली तेव्हा त्यांनी तिला ‘मन घट्ट कर’ एवढेच सांगितले नाही, तर तिला सोबत कशी मिळेल हे पाहिले.

ताण कोठून येतो?

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ साली एका मोठ्या कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एखाद्या गटात स्त्रिया अगदी थोड्या असल्या की प्रत्येकीकडे सर्वांची नजर लागून राहते, असे त्यांना आढळले. पुरुषाची चूक त्याच्या एकट्याची मानली जाते. स्त्रीची चूक मात्र साऱ्या स्त्रीजातीच्या खात्यावर मांडली जाते. परिणामी ती दुप्पट सावधगिरीने वागते आणि दुप्पट थकते.

पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक निरीक्षण मांडले. कर्तबगार स्त्रियांपैकी अनेकींना आपले यश खरे वाटत नाही. ‘आपण नशिबाने येथे आलो, एक दिवस आपले पितळ उघडे पडेल’ ही भीती त्यांना सतत ग्रासते. गुण कितीही मिळाले तरी ही भीती शमत नाही.

आपल्याकडील स्थितीही फारशी निराळी नाही. संगणक शाखेच्या वर्गात मुली पुष्कळ दिसतात. यंत्र शाखेच्या कार्यशाळेत त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. आय.आय.टी. संस्थांत २०१७ पर्यंत विद्यार्थिनींचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. म्हणून २०१८ पासून मुलींसाठी वाढीव जागा निर्माण करण्यात आल्या आणि २०२० पर्यंत हे प्रमाण वीस टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. जागा वाढल्या, परंतु ‘तुला काय, मुलगी म्हणून मिळाली’ हा टोमणाही काही जणींच्या वाट्याला आला. आधीच आत्मविश्वास डळमळीत असलेल्या मुलीच्या मनात असे वाक्य खोल रुतते.

नोकरीत यापेक्षा वेगळ्या अडचणी उभ्या राहतात. बांधकामाच्या जागी स्वच्छतागृह नसणे, रात्रपाळीनंतर घरी परतण्याची काळजी, लग्नानंतर दोन्ही घरांच्या अपेक्षा आणि बाळंतपणानंतर मागे पडण्याची धास्ती या गोष्टी एकट्या-एकट्या सहन होतात. त्या एकत्र आल्या की मन खचते.

घरातील दडपण

सर्वांत अवघड दडपण पुष्कळदा प्रेमातूनच येते. शैक्षणिक कर्ज काढलेले असते, कुटुंबातील ती पहिलीच अभियंता होणार असते, नातेवाइकांत आणि धर्मग्रामात तिचे नाव झालेले असते. अशा मुलीला पहिल्याच सत्रात गणितात ‘केटी’ लागली, तर ती घरी कशी सांगेल? आईवडिलांचा अभिमान दुखावू नये म्हणून ती गप्प राहते. ‘अभ्यास कसा चाललाय?’ या प्रश्नाला ‘ठीक’ एवढेच उत्तर येऊ लागते. कौतुकाचे ओझे असे नकळत तिचे तोंड बंद करते.

यास्तव प्रवेशाच्या वेळीच तिला स्पष्ट शब्दांत सांगावे : एखादा विषय राहिला, एखादे वर्ष गेले, शाखा बदलावीशी वाटली, तरी हे घर तुझेच आहे. असे सांगितल्याने अभ्यासातील शिस्त ढिली होत नाही. संकटात पहिला फोन घरी करावा, एवढा विश्वास मात्र तिला मिळतो.

कोणती चिन्हे ओळखावीत?

परीक्षेपूर्वीची धाकधूक आजार नव्हे. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, आवडत्या गोष्टींत रस न उरणे, झोप व भूक बिघडणे, सतत थकवा येणे, स्वतःला निरुपयोगी समजणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. छातीत धडधड, वारंवार डोकेदुखी, वर्गाला दांड्या, मैत्रिणींना टाळणे याकडेही लक्ष द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये नैराश्याचे प्रमाण सुमारे दीडपट आहे. मात्र त्यावर परिणामकारक उपचार आहेत. ‘जगण्यात अर्थ नाही’ असे शब्द तिच्या तोंडी आले, तर ते नाटक समजू नये. तिला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

आधार कोठे मिळेल?

समुपदेशक बोलण्यातून मार्ग काढण्यास साहाय्य करतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या व मानसोपचार करतात. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असून आवश्यक तेव्हा औषधे देतात. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात, म्हणून ती मनाने बंद करू नयेत.

केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी पात्र समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे. प्रवेश घेतानाच महाविद्यालयात त्याविषयी चौकशी करावी.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णास आहे. आरोग्य विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच स्थान देणे बंधनकारक आहे. कामाच्या ठिकाणी छळ होत असल्यास २०१३ च्या कायद्यानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते. प्रसूती रजा २०१७ मध्ये बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. हे हक्क मुलींना ठाऊक असले पाहिजेत.

श्रद्धा आणि उपचार

‘प्रार्थना कमी पडते म्हणून असे होते’ हा समज आपल्यात अद्याप आढळतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी वयाच्या ४२ व्या वर्षी अर्जेंटिनात सुमारे सहा महिने एका मनोविश्लेषक स्त्रीची मदत घेतली होती आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत ते मोकळेपणाने सांगितले. नोव्हेंबर २०२१ चा त्यांचा प्रार्थना-हेतू नैराश्याने ग्रासलेल्यांसाठी होता. प्रार्थना बळ देते, धर्मगुरू धीर देतात. पण निदान व उपचार तज्ज्ञांचेच काम आहे. दोहोंत विरोध नाही.

धर्मग्रामांनाही पुष्कळ करता येईल. आपल्यातील नोकरी करणाऱ्या अभियंता भगिनींनी नव्याने प्रवेश घेतलेल्या मुलींना दोन-तीन महिन्यांतून एकदा भेटावे. अवघड विषय, वसतिगृहातील अनुभव, मुलाखतीतील अपयश यांवर गप्पा व्हाव्यात. गिंडीत ललिताला दोन मैत्रिणी लाभल्या तशी सोबत आपल्या मुलींना मिळावी. या वर्षीच्या सत्काराच्या दिवशी पुष्पगुच्छाबरोबर अशा एका ताईची ओळख करून दिली, तर तो सत्कार पुढील चार वर्षे त्या मुलीच्या उपयोगी पडेल.