अस्सल बरहुकूम नक्कल
ध्वनिमुद्रिकांचे शास्त्र आणि रसिक : लेखांक नववा

मागील लेखांकात लाखेच्या तबकडीवर सूर कसा कोरला जातो आणि सुईच्या टोकाने तो पुन्हा कसा उठविला जातो, एवढ्याचा विचार आपण केला. ह्या आठवड्यात त्याच्या पुढचा आणि वाचकांच्या खिशाशी अधिक निगडित असलेला प्रश्न घ्यावयाचा आहे. एकाच गायकाचे एकच गाणे जेव्हा चार निरनिराळ्या संकलनांच्या सीडींवर मिळते आणि चारही ठिकाणी ते कानाला चार प्रकारचे लागते, तेव्हा त्यांतले प्रमाण कोणते मानावे, आणि ते ठरवावयाचे कोणत्या कसोट्यांवर?

उदाहरणासाठी मिरजेची शीव ओलांडण्याचे कारण नाही. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ जन्माने उत्तरेकडील कैराण्याचे, परंतु मिरजेने त्यांना आपले मानले आणि त्यांनी मिरजेला. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमाळकोइल ह्या लहानशा स्थानकावर त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांचा देह येथे आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेत हजेरी लावणे हा गवयांना आजही मान वाटतो. त्यांचा जो आवाज आपल्यापाशी उरला आहे तो दोन काळांतला आहे. पहिला १९०५ च्या सुमाराचा, जेव्हा मायक्रोफोन नव्हता आणि गवयाला कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गावे लागे. दुसरा १९३४ ते १९३६ ह्या वर्षांतला, जेव्हा ओडियन कंपनीसाठी त्यांनी विद्युत् यंत्रावर तबकड्या दिल्या. झिंझोटीतील ‘पिया बिन नाही आवत चैन’ आणि भैरवीतील ‘जमुना के तीर’ ह्या त्या दुसऱ्या काळातल्या. पहिल्या खेपेस ते जेमतेम तिशी ओलांडलेले गृहस्थ होते, दुसऱ्या खेपेस साठी उलटलेले. हा फरक ध्यानात न घेता, दोन्ही काळांतल्या तबकड्या मुद्रणवर्षाचा दाखला न देता एकापाठोपाठ एक लावण्याची चाल संकलनकारांत आहे, आणि गोंधळाचा आरंभ तेथेच होतो.

आता ह्या तबकड्यांची वंशावळ पाहू. गाणे प्रथम मेणाच्या जाड चकतीवर कोरले जाई. तिच्यावरून धातूचा उलटा साचा, त्यावरून सुलटा, त्यावरून पुन्हा उलटा ठसा निघे, आणि त्या ठशाने लाखेच्या तबकड्या छापल्या जात. साठीच्या पुढे एलपी आली तेव्हा हे गाणे तबकडीवरून किंवा उरलेल्या धातूच्या साच्यावरून फितीवर उतरविले गेले. ऐंशीच्या दशकात त्या फितीची कॅसेट झाली. आणि सीडीचे युग आले तेव्हा पुष्कळांनी मूळ तबकडी शोधण्याचे श्रम न घेता कॅसेटचीच फीत पुढे चालविली. ह्यात कायद्याचाही थोडा हात आहे. १९५७ च्या कायद्याने ध्वनिमुद्रिकेवरील हक्काची मुदत पन्नास वर्षांची होती, ती पुढे साठ वर्षांची झाली. परंतु १९३४ ते १९३६ च्या तबकड्यांची पन्नास वर्षे ऐंशीच्या दशकातच, म्हणजे नेमकी कॅसेटच्या भरभराटीत, पुरी झाली. ज्याच्यापाशी यंत्र होते त्याला छापण्यास हरकत घेणारा फारसा कोणी उरला नाही; मात्र अस्सल दप्तर थोड्यांपाशी होते आणि नकलेवरून नक्कल करणारे पुष्कळ निघाले. कचेरीत नकलेची नक्कल पुराव्यात दाखल होत नाही. संगीतात मात्र ती बिनदिक्कत दाखल होत आली.

येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. ‘सीडी म्हटली की आवाज स्वच्छ’ अशी आपली समजूत आहे. १९८२ साली बाजारात आलेली सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेते आणि माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या जवळजवळ सर्व कंपनसंख्या तिच्यात मावतात. लाखेच्या तबकडीत मुळात जे आहे त्याच्या कितीतरी पट जागा तिच्यात आहे. म्हणून दोन सीडींत जो फरक पडतो तो सीडीच्या पात्रतेचा नसून, तिच्यात माल भरणाऱ्याच्या तजविजीचा असतो.

पहिली कसोटी गतीची. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते असे आपण म्हणतो. पण ती गती विद्युत् मुद्रणाच्या काळात स्थिरावली, आणि त्यापूर्वीच्या तबकड्या सत्तरीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत वाटेल त्या गतीने कोरलेल्या सापडतात. समजा, ७६ च्या गतीने कोरलेली तबकडी ७८ ने वाजविली. तर २०० सेकंदांचे गाणे १९५ सेकंदांत आटोपते आणि षड्ज जवळजवळ पाव स्वराने, म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराच्या निम्म्याने, वर चढतो. गती चारने चुकली तर षड्ज जवळजवळ पुरी एक पट्टी ओलांडतो. ह्यामुळे स्वरांची परस्पर अंतरे बिघडत नाहीत, कारण सर्वच स्वर एकाच प्रमाणात सरकतात. परंतु आवाजाचा पोत बदलतो, साठीचा कंठ चाळिशीचा भासू लागतो, तानेला मूळची नसलेली चपळाई येते आणि ठेक्याची लय वाढते. ‘खाँसाहेबांचा आवाज फार पातळ’ असा जो अभिप्राय कधीमधी ऐकू येतो, त्यातला काही अंश गायकाच्या खात्यावर न टाकता चुकीच्या गतीच्या खात्यावर टाकावा लागेल. वाचकाने घरी एवढे करावे : दोन सीडींवरील तेच गाणे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत घड्याळाने मोजावे. सव्वातीन मिनिटांत पाच सेकंदांचा फरक आढळला, तर दोहोंपैकी एक तरी चूक आहे असे खुशाल समजावे. चूक कोणती, हे ठरविण्यास मागे वाजणारी पेटी उपयोगी पडते. पेटीचे सूर ठरावीक पट्टीचे; ज्या गतीने ते एखाद्या पट्टीशी बऱ्यापैकी जुळतात ती गती संभाव्य, आणि अशा दोन-तीन संभाव्य गतींतून कोणती मानावी ह्याचा निकाल माणसाच्या उच्चारांवरून लागतो, कारण गती चुकली की व्यंजने अस्वाभाविक होतात.

दुसरी कसोटी ह्याहून सूक्ष्म, आणि खाँसाहेबांच्या किराणा घराण्याच्या बाबतीत अधिक महत्त्वाची आहे. तबकडीचे भोक नेमके मध्यावर नसले तर प्रत्येक फेऱ्यात सुई एकदा आत व एकदा बाहेर जाते, आणि सूर सेकंदाला सुमारे सव्वा वेळा खालीवर हेलकावतो. केवळ अर्धा मिलिमीटर चूक असेल, तर तबकडीच्या आतल्या भागात, जेथे त्रिज्या साठ मिलिमीटरच्या आसपास उरते, सूर दोन्ही बाजूंना मिळून सुमारे एक टक्का आणि दोन-तृतीयांश इतका हलतो. आपल्या शास्त्रातली सर्वांत लहान अशी जी प्रमाणश्रुती, ८१ ला ८० हे तिचे प्रमाण, ती सव्वा टक्क्याची आहे. म्हणजे एका श्रुतीहून मोठा झोका एका चुकलेल्या भोकापायी स्वराला मिळतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. क्लेमंट्स ह्या आय.सी.एस. अधिकाऱ्यासह १९११ साली साताऱ्यास त्यांनी संगीताच्या शास्त्रीय अभ्यासासाठी मंडळ स्थापन केले. आणि त्या सर्व खटाटोपात स्वरांच्या खरेपणासाठी ज्यांच्या कंठाची साक्ष काढण्यात आली ते अब्दुल करीम खाँच होते. ज्यांचा लांबविलेला एकेक स्वर मोजून पाहण्याच्या योग्यतेचा मानला गेला, त्यांचा तो स्वर नकलेत हिंदकळावा ह्याहून दुर्दैव ते कोणते? दक्ष मुद्रक तबकडी यंत्रावर हाताने सरकवून मध्य साधून घेतो. हे काम पाच मिनिटांचे आहे. पण पुष्कळ संकलनांत ते झालेले नाही, हे गाण्याच्या शेवटच्या मिनिटात कान देऊन ऐकल्यास कळते.

तिसरी कसोटी खर्ज आणि टीप ह्यांच्या तोलाची. चर एकमेकींत घुसू नयेत म्हणून कोरताना खालचे सूर मुद्दाम दुर्बळ केले जात आणि वाजविताना ते परत उचलावे लागत. एलपीसाठी ह्याचे एक सर्वमान्य प्रमाण १९५४ च्या सुमारास ठरले, आणि त्यात वरच्या सुरांनाही वाजविताना बराच दाब दिला जातो. जुनी तबकडी एलपीच्याच यंत्रमांडणीवर वाजविली की तिच्यातले वरचे सूर विनाकारण दडपले जातात. मग आवाज गोंडस, मऊ आणि मिटलेला येतो; आणि ऐकणारा म्हणतो, ‘किती गोड!’ हा गोडवा गवयाचा नव्हे.

चौथी कसोटी खरखरीची, आणि बहुतेक वाद हिच्यावरच होतात. लाखेच्या तबकडीची सरसर सर्व कंपनसंख्यांवर पसरलेली असते. ती काढावयाची तर तिच्या शेजारी राहणारे संगीतही थोडे कापावे लागते. हे शेजारी कोण? स, श, च ह्या वर्णांची धार. तबल्याच्या चाटीचा पहिला आघात. आणि सर्वांत आधी बळी जाणारी तंबोऱ्याची जवारी. मिरजेच्या वाचकाला जवारी समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. येथल्या सतारमेकर गल्लीत घोडीचा पृष्ठभाग कानसेने इतका किंचित घासला जातो की डोळ्याला फरक दिसू नये, मग तारेखाली सुती धागा केसभर पुढे-मागे सरकविला जातो, आणि एका विवक्षित जागी तार नुसती वाजण्याचे सोडून बोलू लागते, तिच्यातले वरचे स्वयंभू स्वर झळाळून उठतात. खाँसाहेब स्वतः वाद्ये दुरुस्त करण्यात वाकबगार होते, तेव्हा ह्या झळाळीवाचून त्यांचे गाणे ऐकणे म्हणजे निम्मे ऐकणे होय. खरखर मारणाऱ्या यंत्राला ही झळाळी आणि तबकडीची सरसर ह्यांतला भेद सहज कळत नाही. हात जरा भारी पडला की ते दोहोंनाही एकाच शिक्षेस पात्र ठरविते, आणि मागे उरते ती पाण्याखालून आल्यासारखी बुडबुडी शांतता. स्वर सोडल्यानंतर त्याची जी आस क्षणभर रेंगाळते तीही ह्याच कारवाईत कापली जाते. आणि इतके मारून ठेवल्यावर, जागा मोकळी वाटते म्हणून, वरून कृत्रिम घुमारा घालण्याचाही प्रघात आहे. साठ-सत्तरीच्या दशकांत एकाच वाटेने मुद्रित झालेले गाणे दोन कर्ण्यांत वाटून, खालचे सूर एकीकडे व वरचे दुसरीकडे करून, ‘स्टिरिओ’ म्हणून विकले गेले. त्या फितींवरून निघालेल्या सीडीत गायक एका जागी बसत नाही, आलापागणिक डावी-उजवीकडे फिरतो.

ह्या कसोट्या लावण्यासाठी गल्लीतल्या एका कारागिराच्या दुकानात, ताज्या लावलेल्या तंबोऱ्याच्या शेजारी, ‘पिया बिन’ असलेली तीन संकलने आम्ही एकामागून एक वाजवून पाहिली. पहिली कॅसेटच्या वंशातली. आवाज मोठा, तकतकीत, खरखर नाही. पण तिच्या षड्जावर लावलेला तंबोरा उरलेल्या दोहोंशी जुळेना, ती त्यांच्याहून स्पष्टपणे चढी निघाली, आणि तिच्यातला मागचा नाद नुसता एक गुणगुणाट होऊन बसला होता. दुसरी एलपीच्या फितीवरची. गती ठीक, तोल ठीक. मात्र गायक ह्या कानातून त्या कानात जा-ये करीत होता. तिसरी थेट तबकडीवरून उतरविलेली. आरंभी तिची सरसर ऐकून दुकानात बसलेल्या एका तरुण गृहस्थांनी नाक मुरडले. परंतु अर्ध्या मिनिटात कान त्या सरसरीला सरावला, तिच्या मागे तंबोरा उभा राहिला, शब्दांच्या कडा उमटल्या, आणि कारागिराने मान न उचलता एवढेच म्हटले, ‘हिच्यात जवारी हाय.’ आमच्या मते निकाल त्या तीन शब्दांत लागला.

पाठभेदांविषयी थोडक्यात. मधल्या कोऱ्या जागेत, चकतीच्या कागदाला लागून, मुद्रणक्रमांक कोरलेला असतो. एकच चीज दोनदा मुद्रित झाली असेल तर कागदावरचे नाव तेच राहिले तरी हा क्रमांक बदलतो. मोठा ख्याल दोन बाजूंवर विभागलेला असेल तर संकलनकाराने सांधा कोठे केला हेही पाहावे लागते, कारण बाजू बदलताना गायक पुष्कळदा सम घेऊन थांबतो व पुन्हा मुखड्याने आरंभ करतो, आणि त्यातले काही कापून सलगता आणली तर ती सलगता बनावट होय. विसाव्या शतकाच्या आरंभी तबकड्या छापण्यासाठी जर्मनीस जात व तेथील कारागिरास गायक ओळखू यावा म्हणून गाण्याच्या शेवटी नाव पुकारण्याची रीत होती. हे पुकारणे काही संकलनांनी ‘अनावश्यक’ म्हणून छाटले. वास्तविक तोच त्या ध्वनिमुद्रिकेचा शिक्कामोर्तब.

मायकेल किनियर ह्या ऑस्ट्रेलियन संशोधकाने खाँसाहेबांच्या तबकड्यांची चरित्रासह तपशीलवार सूची ग्रंथरूपाने सिद्ध केली आहे. परक्या देशातल्या माणसाने जे दप्तर लावून दिले, त्यातला क्रमांक, वर्ष आणि गती एवढ्या तीन नोंदी सीडीच्या पुठ्ठ्यावर छापण्यास आपल्या प्रकाशकांना खर्च तो कितीसा येणार? वाचकांना आमचे सांगणे इतकेच की संकलन विकत घेताना गाण्यांची संख्या व चित्राची झळाळी पाहू नये. मुद्रणाचे वर्ष आणि मूळ तबकडीचा क्रमांक छापला आहे की नाही ते आधी पाहावे, नसल्यास विक्रेत्याकडे तशी तक्रार नोंदवावी, आणि दोन प्रतींत निवड करण्याची वेळ आलीच तर खरखर असलेली प्रत घ्यावी. खरखर पुढे केव्हाही कमी करता येते. एकदा कापलेला सूर कोणत्याही यंत्राला परत आणता येत नाही.