पेटीतला मोडी कागद आणि संगणकावरची मोडी



आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर एखादी जुनी पेटी असते. तिच्या तळाशी कापडात गुंडाळलेले, पिवळे पडलेले कागद असतात. अक्षर वेलीसारखे एकात एक गुंतलेले, एकही शब्द लागत नाही. मग "आजोबांचे काहीतरी आहे" म्हणून पेटी बंद होते, नाहीतर घर पाडताना ते कागद रद्दीत जातात. पण तो कागद वाटणीपत्र असू शकेल, खरेदीखत असू शकेल, विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा करारही असू शकेल. म्हणून या मोडी लिपीची थोडी ओळख करून घेऊ.

हात न उचलता लिहायची लिपी

मोडी ही वेगळी भाषा नव्हे. भाषा आपली मराठीच, लिहिण्याचे वळण तेवढे निराळे. पोथी-पुस्तकाला बाळबोध आणि रोजच्या कारभाराला मोडी, अशी पूर्वी वाटणी होती. ही लिपी यादवांचा मंत्री हेमाडपंत याने आणली, असे परंपरा सांगते. आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली बोरूने, शक्यतो हात न उचलता, भरभर लिहीत जायचे. लिहिणाऱ्याचा वेळ वाचे, वाचणाऱ्याची मात्र परीक्षा होई. कारण शब्दाशब्दांत अंतर नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि काना-मात्रा लागली की काही अक्षरे आपले रूपच बदलतात. शिवकालीन, पेशवेकालीन आणि इंग्रजी अमदानीतली मोडी यांची वळणेही वेगवेगळी आहेत.

१८१० साली सेरामपूर येथे विल्यम कॅरे यांचा मराठी कोश छापला गेला. त्यातले मराठी शब्द मोडी खिळ्यांनी जुळवले होते. पुढे मात्र छापखान्यांनी बाळबोधच धरली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतूनही मोडी गेली आणि वाचणारे कमी होत गेले.

संगणकावरची मोडी कशाला उपयोगी?

२०१४ साली युनिकोड या जागतिक संगणकीय लिपीकोशात मोडीला जागा मिळाली. आता मोडीचे फाँट, म्हणजे संगणकावरचे अक्षरसंच, मिळतात. अक्षरओळख करून घ्यायला, मुलांसाठी तक्ते करायला, लग्नपत्रिकेवर किंवा घराच्या पाटीवर नाव घालायला ते चांगले. मात्र ज्याच्या फोनमध्ये तो फाँट नाही, त्याला अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसतील.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फाँटमधले अक्षर एका साच्यातून निघालेले असते. आपल्या पेटीतला कागद कुणा कुलकर्ण्याने घाईत, आपल्या वळणाने लिहिलेला आहे. त्यामुळे फाँटवर अक्षरे शिकला म्हणजे दस्त वाचता येईलच असे नाही. पेरणीचे पुस्तक वाचून पाभर सरळ चालत नाही, तसेच हे आहे. सराव जुन्या कागदांवरच करावा लागतो.

कागदात काय पाहावे?

वाचता आले नाही तरी काही खुणा ओळखता येतात. कागदाच्या शेवटी नांगराचे चित्र दिसले, तर ती बहुधा पाटलाची किंवा शेतकऱ्याची निशाणी समजावी. सही न येणारे आपल्या धंद्याचे हत्यार काढत. साल शके दिले असेल तर त्यात ७८ मिळवावे, फसली असेल तर ५९०. इसवी सन सुमाराने कळतो. शके १७९० म्हणजे इसवी सन १८६८. मात्र बिघा आणि चाहूर ही मापे सगळीकडे सारखी नव्हती. त्यांचा गुंठ्यांत हिशेब करून भावकीत भांडण काढू नये.

कागद कसा जपावा?

कागद लॅमिनेट करू नका, त्यावर चिकटपट्टी लावू नका. घडीवर तो फाटतो, म्हणून हलक्या हाताने उघडून सपाट ठेवा. कोरड्या सुती कापडात गुंडाळा आणि ओल, वाळवी व चुलीचा धूर यांपासून दूर ठेवा. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून घ्या. वाचायला देताना फोटो किंवा झेरॉक्स द्या, मूळ कागद हातचा सोडू नका. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून न्यायालयात आला, तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे आहे असे न्यायालयाला गृहीत धरता येते. म्हणून तो कुणाच्या घरून निघाला यालाही महत्त्व आहे.

वाचणाऱ्याकडून नुसता सारांश न घेता ओळीला ओळ लावून संपूर्ण लिप्यंतर लिहून घ्या. न लागलेला शब्द अंदाजाने भरू नये, जागा मोकळी सोडावी, असे त्यांना आधीच सांगा. एका नावाच्या चुकीने वारस बदलतो. सातबारा व फेरफार यांच्याशी तो कागद ताडून पाहा आणि वकिलाचा सल्ला घेतल्यावरच पुढचे पाऊल टाका. जुना कागद सापडला म्हणून जमीन आपोआप नावावर होत नाही.

२०२३ साली राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या नोंदवह्या वाचण्यासाठी मोडी जाणणाऱ्यांची मोठी गरज भासली. राज्याचे पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग घेत असते. गावातल्या एका शिकल्या-सवरलेल्या मुलाने किंवा मुलीने ही लिपी शिकून घेतली, तर साऱ्या गावाची सोय होईल. आणि घरात कुणी मोडी जाणणारे वृद्ध असतील, तर या उन्हाळ्यातच पेटी उघडून त्यांच्याजवळ बसा.