पेपर पिवळा करून काय मिळतं?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी वाचलेला प्रत्येक पेपर पिवळा असायचा. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये प्रिंट काढायची आणि अंबरनाथहून लोकलमध्ये बसायला मिळालं की हायलायटर सुरू. दादर येईपर्यंत सात-आठ पानं रंगलेली. मग एका प्रेझेंटेशनमध्ये प्रश्न आला, "तुम्ही ज्या पेपरचा आधार घेताय, त्यात रंगद्रव्याचं अधिशोषण कोणत्या पीएचला मोजलंय?" ते वाक्य मी रंगवलं होतं, पानाच्या कुठल्या कोपऱ्यात होतं तेही आठवत होतं. आकडा मात्र आठवेना.

यात नवल काही नव्हतं, हे नंतर कळलं. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. हायलाइट करणं कमी उपयोगाच्या गटात गेलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास थोडा थोडा विभागून करणं, या दोन पद्धती सगळ्यांत वर. रंगवताना आपण फक्त "हे महत्त्वाचं" एवढंच ठरवतो, समजून घ्यायचं काम नंतरवर ढकलतो. (हे "नंतर" कधी येतं, ते तुम्हाला माहीत आहेच.)

मग खुणा करायच्याच नाहीत का? डॉ. आंबेडकरांची पुस्तकं बघा. त्यांच्या संग्रहातली बरीच पुस्तकं मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात आहेत, पेन्सिलीच्या खुणांसकट. कोलंबियात जॉन ड्यूई त्यांचे प्राध्यापक होते. ड्यूईंच्या 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन' (१९१६) या पुस्तकाच्या त्यांच्या प्रतीतल्या खुणांचा स्कॉट स्ट्राउड या अभ्यासकाने माग काढला आहे. मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं. समाजाने सगळाच वारसा पुढच्या पिढीला द्यायचा नसतो, निवडून द्यायचा असतो, हा ड्यूईंचा मुद्दा मूळचा शाळेबद्दलचा. आंबेडकरांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ड्यूईंचं नाव घेऊन तो थेट हिंदू समाजाला लावला. वाचलेलं असं कामाला लागायला हवं.

आता मी आधी विभाग पूर्ण वाचते, पेन्सिल खाली ठेवून. मग पान झाकून एका ओळीत आठवते आणि तेवढंच समासात लिहिते, शक्यतो प्रश्न म्हणून. तोच पेपर पुन्हा काढला तेव्हा लिहिलं, "पीएच २ ला सर्वांत जास्त. पण खरं सांडपाणी एवढं आम्लयुक्त असतं का? आपल्या नमुन्याचा मोजणे." माझा पुढचा प्रयोग या ओळीतून निघाला.

हे सगळं स्वतःच्या प्रतीवर हं. लायब्ररीच्या पुस्तकात पेन्सिलसुद्धा नको. बदलापूरच्या 'ग्रंथसखा'त दुर्मीळ मराठी पुस्तकं आहेत, तिथे जाताना वही न्यायची आणि टिपणाशेजारी पान क्रमांक लिहायचा. तो न लिहिल्यामुळे मी एका संदर्भासाठी बदलापूरची दुसरी फेरी मारली आहे, तीही रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये.